आधी पोर शोधा

त्या मालिकेचं नाव मी इथं लिहिणार नाही. एक तर ती फारशी कुणाला आठवत नसेल, आणि ज्यांना आठवत असेल त्यांची आठवण पक्की करून देण्याची माझी इच्छा नाही. इतकी वर्षं झाली, तरी तिच्या शेवटच्या भागाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, टीव्हीवरची गोष्ट ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्यांनी आप्पांना पाहिलेलं नाही.

आप्पा माझे घरमालक. दौंडजवळच्या राहू गावाच्या अलीकडे, उसात बुडालेल्या एका वाडीवर मी शाळेत शिकवायला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा पुण्यात नोकरीला, मूलबाळ अजून नव्हतं, त्यामुळे मी वाडीवर एकटीच असायची. आप्पांच्या स्लॅबच्या घरातली मागची खोली मला दिलेली होती. आप्पा मूळचे कवठे येमाईकडच्या मेंढपाळ घरातले. दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या वाडीत येऊन त्यांनी घर बांधलं. बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का जितक्या शांत, तितके आप्पा कायम पेटलेले.

कशावरही चिडायचे. हवामानाच्या बातम्या देणारी मुलगी दुष्काळाची बातमीही हसत का देते म्हणून. एसटीचा कंडक्टर दार लागायच्या आत घंटी मारतो म्हणून. कॅलेंडरवरच्या देवाच्या पायाशी साबणाची जाहिरात छापली म्हणून. मला ते मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेतून मी घरी आले, की चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा,

"समदी पोरं घरला गेली का?"

"गेली, आप्पा."

"तुमी बघितलं, का तुमाला वाटतंय?"

पहिल्या महिन्यात या प्रश्नानं मी वैतागून जायची. मग मुकाट्यानं फाटकाशी उभी राहून शेवटचं पोर वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघायला लागले, कारण खोटं बोललेलं त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

माणसं मोजायची त्यांना खोड होती. लग्नाच्या मांडवात, दशक्रियेला, एसटीत, कुठंही. ओठ हलायचे आणि काठीचं टोक थोडं थोडं वर-खाली व्हायचं. एकदा वाडीवरचे सगळे ट्रकनं जेजुरीला गेलो होतो. निघताना आप्पांनी मोजलं, तर एक बाई कमी. ती बाई तिच्या भावाच्या जीपमधून आधीच गेलेली. हे दोघातिघांनी सांगितलं. आप्पा ट्रकच्या पुढे उभे राहिले ते हलेनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पोरं शिट्ट्या मारतायत, बायका ऊन लागतंय म्हणून ओरडतायत. शेवटी एका दुकानातून वाडीवर फोन लावला, बाईला फोनवर बोलावून घेतलं, आणि तिचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकल्यावरच म्हातारा बाजूला झाला.

"मेंढरं इकली, पर मोजायची सवय काय जाईना," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा ट्रक हसला. जो माणूस कॅलेंडरवर चिडायचा, तो त्यावेळी काहीच बोलला नाही. मला ते खटकलं होतं, पण विचारावंसं वाटलं नाही.

वाडीत केबल आली तेव्हा रंगीत टीव्ही फक्त आप्पांकडे होता. रविवारी सकाळी ती मालिका सुरू झाली आणि आप्पांच्या पडवीत माणसं मावेनात. हरवलेल्या मुलाची गोष्ट होती. मोठा बंगला, वाढदिवसाची पार्टी, फुगे, आणि केक कापायच्या वेळी पाच-सहा वर्षांचा मुलगा गायब. दर रविवारी एक भाग, तीन-चार महिन्यांत सगळी गोष्ट संपणार, असं आधीच जाहीर केलेलं. पहिला भाग खरोखरच चांगला होता. आई रिकाम्या बागेतून हाका मारत फिरते आणि तिचा आवाज बसत जातो, तेव्हा पडवीत कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं.

आप्पा टीव्ही उभ्यानं बघायचे. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर, एक पाऊल दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेलं. रानात मेंढरांमागं उभं राहावं तसे. दुसऱ्या भागात इन्स्पेक्टर आला. तो बंगल्याच्या हॉलमध्ये बसला आणि एकेकाला प्रश्न विचारू लागला. नोकराला विचारलं. काकाला विचारलं. आचाऱ्यानं ट्रेमधून चहा आणला, तर त्यालाही विचारलं. आप्पांची काठी जमिनीवर आपटली.

"आरं, पोर कुठंय?"

"गप ओ आप्पा," पोरं म्हणाली.

"गप काय? पोर हरवलंय आन् ह्यो च्या पितोय. ऊठ की! हिरी बघ, वढा बघ!"

मग दर रविवारी हेच. मालिकेतली माणसं बोलत होती. जिन्यात बोलत, गाडीत बोलत, आरशासमोर उभी राहून स्वतःशी बोलत. कुणाचं कुणाशी जमत नाही, कुणाचा कुणावर जुना डाव आहे, हे सगळं उलगडत होतं. मुलाला मात्र कुणी शोधत नव्हतं. हे मला आप्पांनी दाखवून दिलं नसतं तर कळलंही नसतं. मी आपली पुढच्या रविवारी कोणावर संशय जाणार, याचा अंदाज बांधण्यात रमले होते. आणि एकदा लक्षात आल्यावर मग दुसरं काही दिसेना.

पडवीतल्या एकुलत्या खुर्चीत आण्णा बसायचे. आण्णा म्हणजे वाडीतले मोठे बागायतदार, माजी सरपंच, नदीकडच्या गुऱ्हाळाचे मालक. त्यांनी तिसऱ्याच भागात निकाल दिला होता. "आईच हाय बगा. लय रडती ती."

शेवटच्या भागाला पडवीबाहेर अंगणातही माणसं होती. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि लांबलचक भाषण ठोकलं. आईच्या डोक्यावर परिणाम झालेला होता. तिनंच मुलाला बंगल्यामागच्या विहिरीत ढकललं आणि ती ते विसरून गेली. आई किंचाळली, तिला दोघींनी धरून नेलं, इन्स्पेक्टरनं टोपी घातली, पडद्यातून आमच्याकडे बघून हसला आणि नावं सुरू झाली. संपलं. कुणी विहिरीपर्यंत गेलंसुद्धा नाही. ज्या मुलासाठी आम्ही इतके रविवार जीव मुठीत धरून बसलो, त्याला बाहेर काढायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

"म्हनलं नव्हतं?" आण्णांनी मांडीवर थाप मारली. "आईच असती. सगळीकडं असंच असतंय."

आप्पांनी टीव्हीची वायर भिंतीतून ओढून काढली. बटण बंद करायलाही थांबले नाहीत.

"निगा समदी," ते म्हणाले. "आण्णा, तुमीबी उठा. खुर्ची माझी हाय."

वाडीत आण्णांना असं कुणी बोलत नसे. आण्णा उठले, हसल्यासारखं केलं आणि गेले. त्याच दिवशी आप्पांनी टीव्ही उचलून शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवला. पुढं कितीतरी दिवस त्याच्या डोक्यावर कोंबडी बसलेली असायची. मी न राहवून विचारलं, की एवढं चांगलं यंत्र असं गोठ्यात का?

"मास्तरीणबाई, तुमी शिकल्याल्या," आप्पा म्हणाले. "मला सांगा, त्यो शेवट कोन लिवतं?"

"लेखक असतो, आप्पा. बघणाऱ्यांना धक्का बसावा म्हणून तसा शेवट करतात."

"धक्का? कुनाला? आण्णाला बसला का? त्यो तर खूस झाला."

अक्का समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सांगा की तेस्नी भामीचं."

गोठ्याच्या मेढीला टेकून उभे राहून, माझ्याकडे न बघता, आप्पांनी सांगितलं.

आप्पांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन यांचं बिऱ्हाड खाली यायचं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत. भीमेकाठच्या एका गावाबाहेर तळ पडला होता. गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पुढंही कधी घेतलं नाही. धाकटी बहीण भामा, नुकती नीट चालायला लागलेली. आई नदीवर पाणी आणायला गेली आणि येऊन बघते तर पोर तळावर नाही. दिवस मावळायला आला होता. आई धावत गावात गेली. देवळाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती. तिनं पदर पसरून सांगितलं, दोनचार जण चला, कंदील घ्या, एकटीच्यानं एवढं रान बघून होत न्हाई.

"त्यातला एक म्हनला, मेंढरं मोजता न्हवं? मंग पोरंबी मोजायची. दुसरा म्हनला, पोरगीच हुती, जड झाली आसंल, तूच टाकली आसशील. हासली समदी. एकबी उठला न्हाई, मास्तरीणबाई. एकबी."

दुसऱ्या दिवशी शेताच्या मालकानं सांगितलं, मेंढरं बसवायचा वायदा संपला, रान मोकळं करा. वडील मेंढरं घेऊन पुढं निघाले, आप्पांनाही त्यांच्याबरोबर जावं लागलं. आई तिथंच राहिली. बऱ्याच दिवसांनी पुढच्या तळावर येऊन पोचली ती एकटीच. भामा कधीच सापडली नाही. आणि देवळाच्या पायरीवरचं ते बोलणं मात्र आईच्या आधी बिऱ्हाडात पोचलं होतं. सासू म्हणाली, दीर म्हणाले, पुढं सुनासुद्धा म्हणाल्या. मरेपर्यंत तिला कुणीतरी म्हणतच राहिलं.

"म्हनून रेल्वेत गेले हे," अक्का म्हणाल्या. "दौंडाला समद्या गाड्या थांबत्यात. डब्यात, फलाटावर तोंडं बगायचे. पयल्यांदा लहान पोरींची बगायचे. मंग लग्नाच्या पोरींची. आता म्हाताऱ्या व्हायला आलेल्या बायांची बगत्यात."

आप्पा गोठ्यातून बाहेर निघून गेले.

मालिका संपून थोडेच महिने झाले होते. हंगाम चालू होता. आण्णांच्या गुऱ्हाळावर उत्तरेकडचे मजूर होते. ऊस चरकात जायचा, मोठ्या काहिलीत रस उकळायचा, खाली चुलाणात रात्रंदिवस चिपाड जळायचं. त्या मजुरांत रजवंती नावाची एक बाई होती. तिची पिंकी अडीच-तीन वर्षांची. नवरा चुलाण पेटतं ठेवायचा आणि ही चिपाड वाळत घालायची. एके दिवशी दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मला नदीच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. पिंकी दिसत नव्हती.

मी गेले तेव्हा गुऱ्हाळापाशी तीस-चाळीस माणसं जमलेली. मला वाटलं, चला, इतके जण आहेत, आत्ता सापडेल. जवळ गेले तर कळलं, की कुणी हललेलंच नाही. मधोमध रजवंती उभी, नवरा तिच्यामागं, आणि समोर बाजेवर बसून आण्णा तिला प्रश्न विचारतायत.

"परवा मारा था ना तुमने उसको? क्यों मारा?"

"साहब, काहिल के पास जाती थी, इसलिए मारा। जल जाती। साहब, आदमी दे दो, ढूँढने दो।"

"आधी सांग, झगडा हुआ था क्या आदमी से?"

बघणाऱ्यांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, "सेम टू सेम शिरेल. हिनंच काईतरी केलंय. बग की, डोळ्यात पानी हाय का?"

पाणी नव्हतं. ओरडून ओरडून बाईचा घसा बसला होता आणि डोळे कोरडे पडले होते. मी ओरडले, "अहो, पोरगी लहान आहे, आधी शोधा तरी!" आण्णा म्हणाले, "बाई, तुमी शाळा बगा. असल्या केसमधी आईलाच आधी इचारायचं असतंय." केस! आयुष्यात ज्यानं एक मालिका बघितली, तो माणूस केस म्हणत होता. आणि तीसचाळीस जण माना डोलवत होते, कारण त्यांनीही तीच बघितली होती. मला तेव्हा त्या लेखकाला, त्या टोपीवाल्या इन्स्पेक्टरला आणि त्या भाषणाला हाताला धरून तिथं आणून उभं करावंसं वाटलं.

तेवढ्यात आप्पा आले. अक्का मागून धावत होत्या. आप्पांनी काय चाललंय ते दोन वाक्यांत ऐकून घेतलं. मग दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की चरकाचा आवाज चालू असूनही सगळे दचकले.

"कुनी गेलं का उसात?"

आप्पांनी काठीचं टोक एकेकावरून फिरवलं.

"हिरीवर?"

"आप्पा, जरा दम धरा," आण्णा म्हणाले, "इचारपूस चालू हाय."

आप्पांनी बाजेची कड धरून उचलली. आण्णांना उठावंच लागलं. बाज उलटी पडली. त्या माणसाच्या अंगात इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"इचारपूस? आरं, बिबट्या हिंडतुया उसात. पोर जित्ती हाय का न्हाई ठावं न्हाई, आन् तुमी तिच्या आईचं डोळं तपासता? उठा! कुत्र्यांनो, उठा! दोघं हिरीवर. दोघं नदीला. बाकीची माझ्यासंगं उसात, हाताला हात लावून चालायचं. जो मागं राहील त्याच्या दारात मी उद्या येऊन बसन, आन् त्यानं आज काय केलं ते त्याच्या नातवाला सांगन."

माणसं हलली. आधी पोरं, मग लाजेनं बाकीचे. मी दोघा मास्तरांना बोलावून घेतलं आणि आम्हीही उसात शिरलो. ऊस माणसापेक्षा उंच, पानांनी हात कापत होते. दर थोड्या पावलांनी आप्पा सगळ्यांना थांबवायचे, गप्प करायचे आणि रजवंतीला म्हणायचे, "हाक मार, बाय." बसलेल्या घशानं ती हाक मारायची. मग पुन्हा पुढं.

पोरगी अक्कांना सापडली. बरंच आत, दोन सऱ्यांच्या मधे, पाचटात पाय गुंतून बसलेली. रडून आवाज गेला होता, म्हणून हाकेला ओ देता येत नव्हती. पाय सुजला होता, गाल पानांनी ओरबाडलेले. बाकी धड होती. रजवंती अजून लांब होती. अक्का पोरीचा पाय सोडवत होत्या, तोवर आण्णा पोचले. त्यांनीच पोरीला खांद्यावर घेतलं आणि उसाबाहेर आले.

तालुक्याच्या एका छोट्या पेपरात पुढच्या आठवड्यात फोटो आला, आण्णांच्या खांद्यावर पिंकी. माजी सरपंचांच्या तत्परतेमुळं चिमुकली बचावली, असं वर लिहिलेलं. ग्रामसभेत त्यांचा सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा. आप्पा त्या सभेला गेले. मी मागं बायकांत बसले होते. आण्णांच्या खांद्यावर शाल पडली आणि टाळ्या थांबल्या, तेव्हा आप्पा उभे राहिले.

"माजं येकच म्हननं हाय. ह्यांनी त्या बाईला, तूच मारली, आसं म्हनलं. तिला हितं बोलवा आन् समद्यांदेखत म्हना, आमी चुकलो."

आण्णा हसले. "आप्पा, शिरेल संपली आता. बसा खाली. बाहेरची मानसं ती, आज हायती, उद्या न्हाईत. तेंचं काय एवढं?"

"आमीबी बाहेरचीच हुतो," आप्पा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. ज्यांना कळायला हवं होतं ती माणसं दुसऱ्याच कुठल्या गावात, केव्हाच मरून गेली होती. सभा पुढं सरकली, विषय पाण्याच्या टाकीचा निघाला. आप्पा चालत घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

हंगाम संपल्यावर मजूर परत निघाले. रजवंती पिंकीला कडेवर घेऊन निरोप घ्यायला आली. अक्कांनी पोरीच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. आप्पा पोरीकडे बघतच नव्हते. त्यांनी रजवंतीला रेल्वेत शिकलेल्या हिंदीत सांगितलं, "हे गाव अच्छा नई. परत आनेका नई. समजी? दुसरा गाव देखो."

ती मान हलवून गेली. मला वाटलं, आता ही कशाला येतेय इकडे.

पुढच्या हंगामात ती आली. त्याच गुऱ्हाळावर, त्याच खोपटात. पहिल्याच दिवशी आमच्या दारात उभी, बरोबर पिंकी, आणि पोटात आणखी एक.

आप्पा भडकले. "मैं क्या बोला था? क्यों आयी? लाज नई?"

रजवंती शांतपणे म्हणाली, "मामा, और कहाँ जाएँ? काम तो यहीं है।"

आप्पा तोंडाला येईल ते बोलत राहिले. तिला, तिच्या नवऱ्याला, आण्णांना, वाडीला, मला. ती पोरीचा हात धरून ऐकत उभी राहिली. मग ती निघून गेली आणि ते माळ्यावर चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर जाळीचा मोठा गुंडाळा होता. मेंढरं रात्री कोंडायची वाघर. मेंढरं विकली तेव्हा एवढीच एक गोष्ट त्यांनी ठेवून घेतली होती.

आम्ही तिघं गुऱ्हाळाकडे गेलो. आप्पा खुंट्या ठोकत होते, अक्का जाळी ओढून धरत होत्या, मी गाठी बांधायला शिकत होते. खोपटांच्या भोवती, काहिलीच्या आणि उसाच्या बाजूला, सगळीकडून. थोड्या वेळानं रजवंतीही हातातलं काम टाकून आली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. आण्णा मोटरसायकलवरून आले. "आप्पा, जागा माझी हाय. इचारायचं तरी."

आप्पांनी वर बघितलं नाही. आण्णा थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.

शेवटची खुंटी आत गेल्यावर आप्पांनी जाळी सगळ्या बाजूंनी हलवून बघितली. मग रजवंतीला एका कोपऱ्यात नेलं, तिथली दोरी तिच्या हातात दिली आणि ती सोडायची कशी, बांधायची कशी, हे तिला येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं. पिंकी आतल्या बाजूनं जाळीला बोटं अडकवून उभी होती.